आता संकष्टीला माझी पाठ कोण बघणार?

मंदा, आता तुला सरळ 'तू' म्हणते. तशी स्वयंपाकघरात मी तुला 'तू'च म्हणायचे, पण ओसरीवर पाऊल टाकलं की 'जाऊबाई, तुम्ही'. सासूबाईंचा दंडकच होता तो. आपल्या वयात अंतर जेमतेम, लग्नं एकापाठोपाठची, पण तू थोरल्याची आणि मी धाकट्याची, मग काय. सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपण दोघी उंबरा ओलांडताना सवयीनं भाषा बदलत राहिलो. आता तूच नाहीस, तर कोणासाठी बदलू.

तू गेलीस त्याला दोन महिने होऊन गेले. सकाळचा चहा घेतलास, कपात शेवटचा घोट ठेवायची तुझी खोड, तो ठेवलास, मेथी निवडायला बसलीस आणि भिंतीला टेकलीस. मला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण दहाव्याला आलेल्या बायांनी माझं डोकं फिरवलं. एक जण म्हणे, "शेवटी त्या पायानंच नेलं वं बिचारीले." मी म्हटलं, "पाय ठणठणीत होता. त्याच पायानं या बाईनं मोताळ्याच्या बाजारातून पिशव्या भरभरून भाजी आणली, लेकीच्या लग्नात मांडवभर फिरली. पायाचं नाव काढू नका." भाऊजी, म्हणजे तुझे मालक, माझ्याकडे बघतच राहिले. तुला तर माहीत आहे, मला राग आला की समोर कोण बसलंय ते मला दिसत नाही.

पण जिनं ते वाक्य ऐकायला नको होतं तिनं ऐकलंच. वैशाली दाराशी बसली होती. तुझी एकुलती एक लेक, पस्तिशीला टेकलेली, पहिलटकरीण, पाचवा महिना लागलेला. तिनं पदर ओढून घेतला आणि आत निघून गेली. मला तेव्हाच कळलं की ती आत जाऊन आईसाठी रडणार नाही, दुसऱ्याच कशासाठी तरी रडणार आहे.

त्या पायाची गोष्ट तिनं लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकली आहे. एक तुकडा आत्याकडून, एक शेजारणीकडून. म्हणून आज मी ती पहिल्यापासून सांगते. काही चुकलं तर टोकायला तू नाहीस, हीच पंचाईत.

तुझ्या उजव्या तळव्यावर, टाचेच्या जरा वर, लहानपणापासून एक तीळ होता. रोहिणखेडच्या तुझ्या आईनं सांगून ठेवलं होतं, पायाला तीळ म्हणजे पोरगी देश फिरणार. तू फिरलीस ती रोहिणखेडहून मोताळ्यापर्यंत, आणि त्यावरून मी तुला आयुष्यभर चिडवलं. वैशालीच्या वेळी तुला सहावा लागला आणि तो तीळ पसरायला लागला. आधीच काळा, तो आणखी काळा झाला, कड वेडीवाकडी झाली. तू तो सासूबाईंना दाखवलास, आणि त्यांनी कुठून काढलं देव जाणे, पण एक शास्त्र काढलं. उजव्या पायाचा तीळ फुगला की मुलगा होतो. झालं. घरात आनंदीआनंद.

आपल्या घरची रीत तुला वेगळी सांगायला नको. डोहाळजेवणाला गर्भारशीला पाटावर बसवायचं, परातीत तिचे पाय धुवायचे, पुसायचे आणि तळव्याला कुंकू लावायचं. त्या दिवशी सासूबाईंनी तुझा पाय उचलून धरला आणि आलेल्या एकेका बाईला तीळ दाखवला. "पाह्य, केवढा झाला. पोट्टाच हाये." बायांनी त्या तिळाला हळद लावली, कुंकू लावलं, एकीनं तर वर तांदूळ वाहिले. तू कळवळून हसत होतीस, "सोडा वं माय, गुदगुल्या होऊन राह्यल्या." आम्हीही हसत होतो. अख्ख्या आळीतल्या बायांनी तो तीळ पाहिला, हाताळला, पूजला. तो डॉक्टरला दाखवावा असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

मग वैशाली झाली. सासूबाईंचं शास्त्र खोटं पडलं आणि तिळाचं नावच घरातून निघालं. तीळ मात्र वाढत होता. मी विचारलं की तू म्हणायचीस, "अंगावर पाजून राह्यली ना, अंगात उष्णता असते. जाईन तो आपोआप." बाईच्या अंगावर काहीही उठलं की आपल्याकडे कारणं तयारच असतात. पाळी यायची आहे, पाळी जायची आहे, पोटुशी आहे, अंगावर पाजते आहे. एवढ्यात बाईचं सगळं आयुष्य बसतं, मग डॉक्टरकडे जायला दिवस उरतो कुठला?

आणि गंमत बघ. त्याच वर्षी मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होते, आणि माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. त्यानं घर हाललं. मसुरीच्या डाळीचं पीठ लावून झालं, मुलतानी माती झाली, मलकापूरहून मलम आलं. शेवटी बुलढाण्याला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सांगितलं की हे गोळ्यांमधल्या हार्मोन्सनी झालंय. माझं तोंड चारचौघांत दिसत होतं, म्हणून मला डॉक्टर मिळाला. तुझा तळवा जमिनीला टेकलेला.

एके दिवशी तू अंगणातून आलीस आणि तुझ्या चपलेत रक्त होतं. तुला वाटलं काटा मोडला. मी पाय मांडीवर घेऊन बघितला, काटा नव्हता. तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, "पोरगी अंगावरची सुटू दे, मंग जाऊ." मी म्हणायचे, "पोरगी सुटेपर्यंत थांबतो असं तीळ तुला बोलला का?" शेवटी मी तुझ्याशी बोलणंच टाकलं. दोघी एका चुलीपाशी, आणि मीठ हवं असलं तरी उठून आपलं आपण घ्यायचं. तू फार दिवस टिकली नाहीस. "चाल बाई," म्हणालीस, "तुह्या ह्या तोंडापेक्षा डॉक्टर बरा."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि लगेच अकोल्याला चिठ्ठी दिली. अकोल्याला तुकडा काढून तपासला, कातडीचा कॅन्सर निघाला, तोही वाईट जातीचा, तिळातून होणारा. टाचेजवळचं मांस काढलं, तिथं मांडीची कातडी लावली. जांघेतल्या गाठी तपासल्या, त्या साफ निघाल्या. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. माझी मान ताठच होती, खोटं कशाला बोलू. वैशालीला मी तिकडे वाटीचमच्यानं दूध पाजत बसायचे, आणि ती अर्धं दूध माझ्या अंगावर सांडायची.

तू घरी आलीस आणि सासूबाई एका शेजारणीला सांगत होत्या, "पोट्टीनं मायचा पाय खाल्ला." तू उभ्या जन्मात त्यांना उलटून बोलली नव्हतीस. त्या दिवशी दाराची चौकट धरून, एका पायावर उभी राहून बोललीस. "आई, पोरीनं पाय नाही खाल्ला. तिच्यामुळं हा पाय धुतला गेला, तिच्यामुळं लोकायले दिसला. एरवी बाईचा तळवा कोण पाह्यते? हे बोलणं या घरात पुन्हा निघालं तर मी पोरगी घेऊन रोहिणखेडले जाईन." सासूबाईंच्या तोंडून ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. पण अशी वाक्यं एका घरातून हाकलली की दुसऱ्या घरात जाऊन बसतात, आणि पोर शाळेत जायला लागली की तिला तिथं भेटतात.

मंदा, आता आपला वाद. तो काही मिटला नाही. मी म्हणायचे, माझ्या गोळ्यांतल्या हार्मोन्सनी गाल काळे पडू शकतात, तर तुझ्या गर्भारपणातल्या हार्मोन्सनी तीळ का नाही खवळणार? सरळ प्रश्न आहे. तू म्हणायचीस, "नाही." का नाही? "नाही म्हंजे नाही." हे काय उत्तर झालं? सुलतानपूरची माझ्या माहेरची माणसं वादात निदान कारण तरी देतात. तू म्हणायचीस, "जालन्याच्या अंगाची माणसं तुम्ही, तुमाले बोलायलेच पाह्यजे."

एकदा तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांनाच मध्ये घातलं. ते म्हणाले, "वांग वेगळा, हे वेगळं. हार्मोन्सनी कातडीचा रंग गडद होतो, ते खरं. पण बाळंतपणामुळे हा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. मुलं किती झाली, कोणत्या वयात झाली, गोळ्या घेतल्या का, पाळी कधी गेली, या सगळ्यावर लोक शोध घेतायत, आणि उत्तरं एकसारखी येत नाहीत. एक गोष्ट पक्की. गर्भारपणात तीळ बदलला तर असं होतंच म्हणून सोडून द्यायचा नाही, दाखवायचा." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू निवडणूकच जिंकलीस. मी म्हटलं, "डॉक्टर, म्हणजे काहीच संबंध नाही असंही सिद्ध नाही ना?" ते हसायला लागले. म्हणाले, दोघींचंही धरून चालू. अकोला ते मोताळा आपण बसमध्ये तेच भांडत आलो आणि कंडक्टरनं आपल्याला मागच्या सीटवर पाठवलं.

पुढे तुझी पाळी जायच्या वेळी अंगातून वाफा निघायच्या, रात्रीची झोप नाही. बुलढाण्याच्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं तर तू म्हणालीस, आधी अकोल्याले विचारते. अकोल्याच्या डॉक्टरांनी फायदा-तोटा सगळा समजावला आणि ठरवायचं तुझ्यावर सोडलं. तू नको म्हणालीस आणि वर्षभर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलीस. मी म्हटलं, "संबंध नाही म्हणतेस, मग गोळ्यांना का भितेस?" तू तोच पुठ्ठा माझ्या डोक्यात घातलास. तो वाद मी जिंकले होते, मंदा. मान्य कर.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्यातून एकदा सगळं अंग बघत जा, आणि स्वतःची पाठ आणि तळवे स्वतःला नीट दिसत नाहीत, तेव्हा घरच्या कोणाला दाखवा. भाऊजींना दाखवायला तू लाजलीस. मग आपण संकष्टी धरली. दोघींचा उपास, दुपारी चूल थंड, साबुदाण्याची खिचडी एकदा झाली की चंद्र निघेपर्यंत काम नाही. आतल्या खोलीचं दार लावायचं आणि खिडकीच्या उजेडात पाठ करून बसायचं. आधी तुझी, मग माझी. मला काही झालं नव्हतं, तरी तू माझीही बघायचीस. "तुह्या पाठीवर एवढे तीळ हायेत, दुकान टाक," म्हणायचीस. मग बोलणं कुठल्या कुठे जायचं. नवऱ्यांच्या खोडी, माझ्या मुलाचं जमता जमता मोडलेलं लग्न, वैशालीला मूल का होत नाही याची तुझी काळजी. आपल्या दोघींचं खरं बोलणं झालं ते सगळं एकमेकींच्या पाठीशी झालं. किती बरं होतं ते. आज लिहिताना दुःख व्हायला हवं, पण मला त्या दुपारी आठवून हसूच येतंय.

तर वैशाली. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकू, खरं सांगा. आईला माझ्यामुळे झालं ना?" मी काही म्हणायच्या आत तिनं साडी जराशी वर केली आणि पोटरी दाखवली. तिथं एक तीळ होता. म्हणाली, "महिन्याभरापासून काळा होतोय. आईला दाखवणार होते, पण ती घाबरेल म्हणून नाही दाखवला. आता वाटतं, मी आईचं घेतलं, माझं हे पोर माझं घेईल." आणि मग सांगितलं की इतकी वर्षं मूल नको म्हणत होती ते नोकरीमुळे नाही, यामुळे. नवऱ्यालाही बोलली नव्हती. तू रात्र रात्र ज्याची काळजी केलीस त्याचं कारण हे होतं, मंदा.

माझा हार्मोन्सचा मुद्दा मी तिच्यापुढे काढला नाही. तो तुझ्यामाझ्यातला आहे. मी तिला तुझं उत्तर सांगितलं, तुझ्याच शब्दांत, चौकटीत एका पायावर कशी उभी होतीस त्याच्यासकट. "तुझ्यामुळे तो पाय लोकांना दिसला, पोरी. तू नसतीस तर तिचा तळवा मी मांडीवर घेतला नसता." तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलं नाहीस, कारण सांगायचं म्हणजे आधी तो आरोप तिच्यासमोर उच्चारावा लागला असता. 'खाल्ला' हा शब्द तिच्या कानावर पडू नये म्हणून तू उत्तरही गिळलंस. आणि माझ्याशी भांडताना 'नाही म्हंजे नाही' म्हणायचीस ते डॉक्टरीचं नव्हतंच, लेकीच्या बाजूचं होतं. हे मला बऱ्याच आधी कळलं होतं. कळलंय हे तुला सांगायचं राहिलं, कारण सांगितलं असतं तर वाद संपला असता, आणि मला तो संपवायचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिला बुलढाण्याला नेलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. त्यांनी भिंग लावून पोटरी बघितली, मग सगळं अंग बघितलं, तळवेसुद्धा. म्हणाल्या, तीळ साधा आहे, गर्भारपणात जरा गडद झालाय एवढंच. फोटो काढून ठेवला, सव्वा महिन्यानं पुन्हा बोलावलं. आईला कॅन्सर झाला होता म्हणून लक्ष मात्र कायम ठेवायचं, आणि कधी शंका आली तर तेवढ्यापुरतं बधिर करून तीळ काढता येतो, बाळासाठी थांबावं लागत नाही. वैशालीनं विचारलं, "आणि बाळामुळे...?" बाई म्हणाल्या, "बाळाला कशाला मध्ये घेता?" बाहेर रसवंतीवर बसून ती उसाचा रस पीत होती आणि रडत होती, आणि रसवाला घाबरून विचारत होता, ताई, लिंबू जास्त झालं का? सव्वा महिन्यानंही तीळ तसाच निघाला.

मग सातवा लागला. लोक म्हणाले, वर्षाच्या आत डोहाळजेवण करत नाहीत. मी भाऊजींकडे बघितलं. ते उठले, माळ्यावरून पितळेची परात काढली आणि अंगणात बसून चिंच लावून स्वतः घासली. म्हणाले, "तिनं केलंच असतं." गाणी नाहीत, फुलांचा साज नाही, आळीतल्या चार बाया. वैशालीला पाटावर बसवलं आणि तिचे पाय मी धुतले. कोरडे केले, आणि कुंकू लावायच्या आधी दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून बघितले. बोटांच्या मध्ये बघितलं, टाचा बघितल्या. आपल्या चुलतसासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "काय पाहून राह्यली वं एवढं? पोट्टा का पोट्टी?"

"पाय पाहून राह्यली," मी म्हटलं. "तुमचाही आणा इकडे."

त्या नको नको म्हणत राहिल्या, मग हसायला लागल्या, आणि पाय परातीत घातला. मग दुसरीनं घातला. कोणाच्या टाचेला भेगा, कोणाला कुरूप, एकीला करंगळीजवळ एक तीळ निघाला तर तिला सांगितलं, उद्याच्या उद्या दाखवून ये. गेली ती, साधाच निघाला. वैशाली पाटावर बसून खदखदून हसत होती. तुझं हसू आहे तिला, पाय धरला की येतं तसंच.

आणि काल संकष्टी होती. तू गेल्यावरच्या संकष्ट्या मी कशाबशा काढल्या, उपास केला, पण आतल्या खोलीत गेले नाही. काल दुपारी वैशालीनं खिचडीची ताटली घासून ठेवली, आतल्या खोलीचं दार लावलं आणि म्हणाली, "काकू, पाठ करा इकडे."

मी म्हटलं, "तुला काय करायचंय माझ्या पाठीचं?" तिनं ऐकलं नाही, आईवर गेली आहे. खिडकीशी बसवलं. तिची बोटं माझ्या खांद्यावरून फिरली आणि एका जागी थांबली. म्हणाली, "उजव्या खांद्याखाली तीन. मधला मसुराएवढा, गोल. तसाच आहे."

"तसाच म्हणजे? आधी कसा होता ते तुला काय माहीत?"

"आईनं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मला दिवस गेल्याचं फोनवर कळवलं ना, त्याच फोनवर. आधी म्हणाली, स्वतःचे पाय पाहत जा. मग म्हणाली, 'माह्या मागं तुह्या काकूची पाठ कोणी पाह्यणार नाही, आन् ते बाई स्वतःहून कोणाले दाखवणार नाही. तिघांतला मधला पाह्यत जाय. मसुरापेक्षा मोठा झाला तर तिचं काही ऐकू नको, उचलून घेऊन जाय.'"

माझी पाठ तिच्याकडे होती आणि तोंड भिंतीकडे, ते बरंच झालं. मी पदरानं डोळे पुसले, ब्लाउज वर घेतला आणि तिला म्हटलं, "चल, आता तू पाठ कर."